हात ठेवला की थांबतं

३ ऑक्टोबर

आज गाडीत राहायला आलो. सामान म्हणजे दोन पिशव्या आणि वडिलांची तेलाची कुपी, लांब चोचीची. शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान मोडलं तेव्हा बाकी सगळं गेलं, कुपी तेवढी मी खिशात घातली होती. रोज लिहायची सवयही दुकानातलीच. वडील लिहायचे, कोणतं मशीन, काय बिघडलं, तेल कुठे दिलं. आता मशिनं नाहीत. मी संसार लिहीन.

गाडी म्हणजे मुळात माल वाहणारा छोटा ट्रक. पुढे ड्रायव्हरची केबिन, मागे बाहेरून पत्रा मारलेली लाकडाची खोली, एकीतून दुसरीत जायला वाट नाही. खोलीला मागून एकच दार. खिडक्या उंचावर आणि चिंचोळ्या, हात जाईल, डोकं जाणार नाही. आत ओटा, पाण्याचा पायपंप, कपाट, खण, टोकाला पलंग. बायको म्हणाली, चल, घर दाखवते. मग दारातच थांबून म्हणाली, दाखवून झालं. दिवसभर आम्ही यावर हसत होतो.

तिचं काम नदीचं. काठाकाठाने पाण्यात आकडे रंगवलेले खांब उभे आहेत. त्यांच्यावर पाणी कुठवर चढलंय ते पाहून कळवायचं आणि पुढच्या खांबाकडे जायचं. आधी तिचा पहिला नवरा गाडी चालवायचा. तो वारला. आता मी चालवणार. काम नसेल तेव्हा गाडी तिच्या बहिणीच्या घरामागे, हाकेच्या बाहेर, नदीच्या उतारावर उभी असते. ही थोरली बहीण, म्हणजे नात्याने माझी आकडसासू. मी तसं म्हणताच ती म्हणाली, ताई म्हणा, सासू म्हणाल तर सासूसारखी वागेन. तिचा नवरा, माझे साडूभाऊ, यांचं रस्त्याकडेला हत्यारांचं आणि रंगांचं दुकान आहे. ते म्हणाले, या नोकरीत पगार नाही, पण मालकीण जेवायला घालते.

गाडी फार बोलकी आहे. पाऊल टाकलं की फळी, खण ओढला की खण. बायकोने सगळ्यांना नावं ठेवली आहेत. पायपंप म्हणजे बदक. कपाट म्हणजे खोकणारा म्हातारा. दाराचं रबर म्हणजे रडकं मूल. मी पुन्हा पुन्हा बदकावर पाय देऊन तिला हसवलं.

पहिल्या नवऱ्याने सगळं आपल्या हाताने बांधलं. कुठे खिळा नाही, सगळे स्क्रू, डोकी एका रेषेत. हात चांगला होता. हे लिहायला माझी हरकत नाही.

६ ऑक्टोबर

पहिली फेरी झाली. गाडी चालवायला सोपी आहे, फक्त सीट फार मागे होती. तो उंच होता. सीट ओढून पुढे घेतली, आरसा खाली वळवला. ती शेजारी बसून नकाशा सांगत होती. खांबापाशी उतरते, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळते, पाण्यात जाते, आकडा ओरडून सांगते. मी लिहून घेतो. चांगलं काम आहे. दोघांचं आहे.

रस्त्यात मागची खोली सतत कुरकुरत होती. मी म्हणालो, आठवडाभरात एकेकाचं तोंड बंद करतो. ती म्हणाली, राहू दे की, सवय झालीय मला. मी म्हणालो, दुरुस्तीवाल्याच्या घरात कुरकुर म्हणजे हलवायाच्या घरात उपास. ती हसली, पण उशिरा.

८ ऑक्टोबर

साडूभाऊंच्या दुकानात गेलो. म्हणाले, गाडी कुरकुरते म्हणून येणारे तुम्ही पहिलेच, बाकीचे बायको कुरकुरते म्हणून येतात. त्यावर औषध नाही, यावर तीन आहेत. मग तीन डबे काउंटरवर मांडले. सरकतं ते सगळं, खण, रूळ, यांना कोरडा स्प्रे, त्यावर धूळ बसत नाही. बिजागरीला पांढरं ग्रीस, तेही डब्यातून फवारायचं, लाल नळी लावून, थेट खिळीवर. आणि रबराला सिलिकॉनचा स्प्रे. रबराला साधं तेल कधी नाही. म्हणाले, रबराला तेल पाजलंत तर ते फुगून बसेल आणि दार उघडायला सुईण बोलवावी लागेल. मी म्हणालो, साडूभाऊ, माझा जन्म तेलात गेला. ते म्हणाले, म्हणूनच सांगतो.

आवाज शोधायची रीत मला माहीत आहे. आधी कान, मग हात, तेल शेवटी. गाडी एकाने हलवायची, दुसऱ्याने आत बसून ऐकायचं. आवाज कुठून येतो असं वाटतं तिथून तो सहसा येत नसतो. म्हणून हात ठेवायचा. ज्या वस्तूवर तळहात दाबला की आवाज थांबतो, तीच कुरकुरत असते. तिथे खडूने फुली.

मी आत, साडूभाऊ बाहेरून गाडी हलवत होते. फुल्याच फुल्या झाल्या. ताई दारातून डोकावून म्हणाली, गाडीला गोवर आलाय.

बायको बाहेर टेबलाशी बसून होती. आत आली नाही.

९ ऑक्टोबर

बदक गेलं. पंपाचा दांडा पुसून ग्रीस दिलं, आता पाय दिला तर फक्त पाणी येतं. दोन खणही गप्प केले. काम नीट झाल्याचं समाधान वेगळंच असतं, बोटांना कळतं ते.

तिला पंप दाबून दाखवला. ती म्हणाली, छान. मग स्वतः दाबून पाहिला, पुन्हा पाहिला. बदक सापडत नव्हतं म्हणून की काय.

दुपारी जेवून आम्ही बाहेर झाडाखाली बसलो होतो. गाडीचं दार बंद. ऊन पश्चिमेला कललं की पत्रा आकसतो आणि आतलं लाकूड एकेक करून बोलायला लागतं. आधी पलंगाची पट्टी, मग ओट्यापुढची फळी, मग कपाट, थोडं थांबून दाराचं रबर. ती बटाटे सोलत होती. सुरी थांबली. कपाट खोकलं तशी ती उठली आणि हात धुवायला नदीवर गेली. पाण्याची बादली तिच्या पायाशी होती.

१२ ऑक्टोबर

आज मी तिला दुकानातला एक किस्सा सांगत होतो, वडिलांनी गिऱ्हाइकाची सुई स्वतःच्या बाहीत शिवून टाकली तो. चांगला किस्सा आहे. शेवटाला आलो आणि आत पट्टी वाजली. तिचा चेहरा माझ्याकडेच होता, पण ती तिथे नव्हती. डोळे दाराकडे. बोटं मांडीवर हलत होती, जणू ओळखीची चाल धरावी. फळी. कपाट. मग उठून गेली.

किस्सा अर्धा राहिला. परत आल्यावर तिने विचारलं नाही, पुढे काय झालं.

मी पाहतोय, रोज होतं हे. रोज जेवणानंतर ती कान देऊन बसते. मी तिच्या समोर बसलेला असतो.

१३ ऑक्टोबर

ताईला सहज विचारलं, तो कसा होता. ताई म्हणाली, उंच, देखणा, हातात कसब. हिला क्षणभर नजरेआड होऊ देत नसे. साडूभाऊ पलीकडून म्हणाले, हिच्याशिवाय पाणी प्यायचा नाही आणि हिलाही पिऊ द्यायचा नाही. ताईने त्यांच्याकडे पाहिलं, तसे ते रंगाचे डबे मोजायला लागले.

उंच. देखणा. क्षणभर नजरेआड नाही.

मला कुणी असं प्रेम करू दिलं असतं तर मीही केलं असतं. संधी हवी. इथे प्रत्येक फळीवर त्याचा हात आहे. मी पलंगावर त्याच्या बाजूला झोपतो, त्याच्या हुकाला माझा शर्ट. म्हातारा खोकला की ती उठते. मी खोकलो तर म्हणते, पाणी पी.

आज पलंगाची पट्टी, ओट्यापुढची फळी आणि कपाटाची बिजागरी. सगळं सोडवून, जुना मळ खरवडून, भरपूर ग्रीस.

१४ ऑक्टोबर

दुपारी आतून काही वाजलं नाही. फक्त शेवटी दाराचं रबर.

ती इतकी दचकली की हातातला कप पडला. दारापासून दोन हातांवर बसली होती. धावत नदीपर्यंत गेली.

मी कपाचे तुकडे वेचले. कुणाची वाट पाहत होती, विचारलं नाही.

१६ ऑक्टोबर

केबिनमध्ये बसलो तर पाय क्लचपर्यंत पोचेना. सीट पार मागे. आरसा वर. मी पुढे घेतली होती, त्या रुळाला मीच परवा कोरडा स्प्रे दिला होता. आता ती बोटाने ढकलली तरी न वाजता सरकते.

मला वाटतं ती जाऊन बसते तिथे. सीट त्याच्या मापाची करते आणि शेजारी आपल्या जागेवर बसते. दुसरं काय असेल.

विचारलं. म्हणाली, मी केबिनला हात लावला नाही. आणि मग मीच काही वाईट केल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली. सीट मागे होती, पुन्हा विचारलं तिने, किती मागे.

पार मागे, मी म्हणालो. तुला माहीत आहे किती.

१७ ऑक्टोबर

पट्टी पुन्हा वाजली. कपाट पुन्हा खोकलं. चार दिवसांत ग्रीस वाळत नाही.

ती अंघोळीला ताईकडे गेल्यावर बिजागरी सोडवली. ग्रीस कुणीतरी कापडाने स्वच्छ पुसलं होतं. खिळीवर पिवळट पूड. बोटावर घेऊन चोळली, वास घेतला. राळ. मला राळ कळणार नाही तर कुणाला. मशीनचा पट्टा चाकावर घसरायला लागला की राळ लावतात, पकड येते आणि आवाजही. बिजागरीला कुणी राळ लावत नाही. आवाज हवा असेल तरच लावेल.

पलंगाच्या पट्टीच्या खाचेत राळ. फळीच्या सांध्यात राळ. खाली जुना थर, काळा पडलेला, वर ताजी पूड.

तिच्या खणात मोज्यांच्या खाली राळेचा खडा सापडला, फडक्यात बांधलेला. साबणाच्या वडीएवढा. एका बाजूने झिजलेला.

म्हणजे मी रोज त्याला पुसतो आणि ती रोज त्याला परत लावते.

१८ ऑक्टोबर

खडा टेबलावर ठेवला.

तिने खडा उलटून झिजलेली बाजू वर केली. मग म्हणाली, राळ त्याची आहे. गाडी त्याने मला ऐकायला बांधली. मी पाणी प्यायला उठले तर त्याला कळायला हवं, खण उघडला तर कोणता तेही. बाहेर डोळे मिटून बसायचा आणि तिथून विचारायचा, कपाटात काय शोधतेस गं. कुठे आवाज कमी झाला की राळ लावायचा. मग एका दुपारी जेवून झोपला तो उठला नाही. तेव्हापासून रोज दुपारी उठतो. पलंग, फळी, कपाट, दार. आता मी त्याला ऐकते. आवाज आहे तोवर मला कळतं कुठे आहे ते, मी बाजूला होते. तू एकेक करून सगळं गप्प करतोयस.

मी म्हणालो, मग गाडी विकून टाकायची. म्हणाली, गाडीत आहे तोवर तो गाडीत आहे. गाडी नसेल तर कुठे असेल, मी कुठे शोधू.

मी म्हणालो, मग माझ्याशी लग्न कशाला केलंस.

म्हणाली, दोन माणसं असली की एकाला डोळा लावता येतो.

एवढंच. हे तिने मला सांगितलं. आणि मी ऐकताना काय पाहिलं, तर ‘तो’ म्हणताना तिचा आवाज कसा होतो. माझ्याबद्दल बोलताना तसा होत नाही.

१९ ऑक्टोबर

खडा नदीत फेकला. तिच्यासमोर. तिने फक्त पाण्यात तो कुठे पडला ते पाहून ठेवलं, जसे ती आकडे पाहून ठेवते.

मग दिवसभर काम केलं. सगळ्या फुल्यांवर. प्रत्येक खीळ सोडवून साबणाने धुतली, राळ खरवडली, ग्रीस फवारलं. खणांचे रूळ. फळीच्या सांध्यात कोरडा स्प्रे, नळी आत घालून. सीटचा रूळ पुन्हा. जिथे वाजत नव्हतं तिथेही दिलं.

दाराचं रबर राहिलं. सिलिकॉन खिडक्यांच्या रबरांवरच संपलं होतं, डबा नुसता फुसफुसत होता. साडूभाऊंचं दुकान बंद. उद्यापर्यंत थांबवेना. उद्या दुपारी ते मूल रडलं असतं आणि ती पुन्हा धावली असती.

वडिलांची कुपी घेतली. रबरावर चारी बाजूंनी धार सोडली, अंगठ्याने चोळून जिरवली. जन्म तेलात गेलाय माझा.

दार लावलं. आवाज नाही.

२० ऑक्टोबर

शांत.

जेवणानंतर बसलो. ऊन कललं. काही नाही. पत्रा आकसला असेल, लाकूड हललं असेल, पण काही नाही. मी तिला सुईचा किस्सा पहिल्यापासून सांगितला. ती झाडाच्या खोडाला पाठ लावून बसली होती. दर थोड्या वेळाने मान वळवून मागे बघायची. किस्सा संपला तेव्हा हसली. कुठे हसायचं ते ओळखून हसली.

संध्याकाळी खोलीत कपाट उघडं होतं. तिने उघडलं असेल. मी उघडलं असेन.

२१ ऑक्टोबर

कपाट उघडं. लावलं. पाठ वळवली, उघडं. बिजागरी इतकी सैल झालीय की आपोआप झुलते. असंच असणार.

ती कोपरे सोडून बसत नाही. तोंड धुताना डोळे मिटत नाही, साबण डोळ्यांत जातो. बदकावर पाय देते आणि सवयीने ऐकते. नुसतं पाणी येतं. आज म्हणाली, एक तरी ठेव. एकच. पलंगाची पट्टी तरी.

सगळ्यांत पलंगाचीच हवी.

नाही म्हणालो.

२२ ऑक्टोबर

तिच्या मनगटावर वळ.

बांगडीसारखे गोल नव्हे, लांब. चार एका बाजूला, एक दुसऱ्या. दुपारी पाणी आणायला आत गेली होती. मी दारासमोर बसलेलो. कुणी आत गेलं नाही. ती ओरडली नाही, नुसती बाहेर आली, हात पोटाशी धरून.

मी काय विचारलं? कोण होतं, विचारलं. कुठे गेली होतीस, कुणाला भेटलीस.

ती म्हणाली, तो अगदी असंच विचारायचा. याच शब्दांत.

मग मी माझा हात त्या वळांवर ठेवून पाहिला. माझी बोटं पुरत नाहीत. मोठ्या हाताचे आहेत.

माझ्या मनात आधी काय आलं ते लिहितो, कारण लिहायची सवय आहे. तिने इतका वेळ हात धरू दिला कसा.

२३ ऑक्टोबर

ताई येऊन तिला घेऊन गेली. वळ पाहिले, माझ्याकडे पाहिलं. ताईला वाटतं मीच. तुम्हीही तसलेच निघालात, म्हणाली. मी हात पुढे केला, म्हणालो, मापून बघा. ती बघायला थांबली नाही.

बायको जाताना पिशवी घ्यायलाही आत आली नाही. बाहेरूनच म्हणाली, तू पण चल. तिथे नको झोपूस. दुपारी तर नकोच. दोनदा म्हणाली.

मी म्हणालो, मी माझं घर सोडणार नाही. माझं घर, असं म्हणालो.

साडूभाऊ मागे रेंगाळले. हळूच म्हणाले, उद्या संध्याकाळी येतो, सिलिकॉनचा डबा आणतो. रबराला काय लावलंत? मी म्हणालो, काही नाही.

२४ ऑक्टोबर

सकाळी केबिन पाहिली. सीट मागे. आरसा वर नव्हता. खाली, कललेला, शेजारच्या सीटकडे. तिची जागा दिसेल असा.

ती तिथे नाही. काल गेली. मोठ्याने म्हणालो.

आज दुपारी आत बसणार. दार लावून, पलंगावर. काही होणार नाही आणि संध्याकाळी साडूभाऊंबरोबर जाऊन तिला तसं सांगेन. मग ती येईल. आलीच पाहिजे.

—

जेवण झालं. दार ओढून घेतलं. कापसाच्या गादीवर थाप पडावी तसा आवाज झाला, तेवढाच. इतकं घट्ट आधी लागत नव्हतं.

वही मांडीवर. पलंगावर तिच्या बाजूला बसलोय. माझी बाजू, म्हणजे त्याची, भिंतीकडे. रिकामी.

ऊन कललंय.

काही नाही.

—

कपाट उघडं. मी इथून पाहत होतो. उघडताना दिसलं. ऐकू आलं नाही.

झुलत नाही ते. धरून ठेवल्यासारखं.

आता लागलं.

—

दार उघडत नाही. रबर फुगलंय, चौकटीत बसलंय, बोटाला चिकट लागतं. खांदा लावला. हातोडी बाहेर, सगळी हत्यारं बाहेर झाडाखाली. खिडकीतून हात जातो. हाक मारली. घरापर्यंत हाक पोचत नाही. साडूभाऊ संध्याकाळी येतील. सुईण. ते म्हणाले होते.

घाबरलेलो नाही. नुसतं कळायला हवं कुठे आहे.

फळीवर असेल. फळी मी इतकी छान केली की — पंपाशी असेल. खण? नाही. काहीच वाजत नाही. कुठेही असू शकतो.

ती रोज बटाटे सोलत हे ऐकायची. मला वाटलं —

—

भांड्यांचा साबण घेतला. गादी उचलली, पट्टीच्या खाचेतलं ग्रीस पुसतोय. शर्टाने. नखांनी. पांढरं निघतच नाही, मीच इतकं भरलं. एक पट्टी, त्याच्या बाजूची, एवढी कोरडी झाली की —

दाबून पाहिली. हलकीशी कुरकुरली. देवा, किती बरं वाटलं.

गादी परत टाकली. आता कळेल. एक तरी ठेवलं.

—

ती इथे नाही, पुन्हा सांगितलं. ताईकडे गेली. माझ्याबरोबर नाही, दुसऱ्या कुणाबरोबर नाही. खरं सांगतोय.

त्याला पटत नाही.

मलाही पटलं नसतं.

—

पट्टी वाजली.

पत्रा आकसला. ऊन. लाकूडच ते —

पुन्हा. भिंतीकडची. आता सावकाश, जसं कुणी कुशीवर वळून —

आधी कान, मग हात. तळहात दाबला की थांबतं. थांबलंच पाहिजे, रीतच आहे तशी. गादीखाली हात घातला. पट्टी सापडली. दाबून धरलीय, पूर्ण भार देऊन, डाव्या हाताने लिहितो

थांबत ना